पुटकुळ्या जातात आणि परत येतात : काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

परळला मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून मला १७ वर्षं झाली. "ताई, पिंपलवर काहीतरी द्या" हे रोज ऐकते, पण त्याहून जास्त ऐकते ते हे : "ताई, मागच्या वेळी नेलेलं संपलं आणि परत आले." हे लिहितेय ते या 'परत आले'वाल्यांसाठी. ज्यांना परीक्षेच्या तोंडावर वर्षातून दोन पुटकुळ्या येतात, त्यांनी हे वाचायची गरज नाही. त्या आपोआप जातात.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. निदान करणं माझं काम नाही. पण तेच तेच चेहरे, त्याच त्याच नळ्या आणि त्याच त्याच चुका इतक्या वेळा पाहिल्यात की आता गिऱ्हाईक बोलायच्या आधीच काय विचारायचं ते ठरलेलं असतं.

आधी लक्षणं

आरशात पुटकुळ्या मोजू नका. त्या कुठे आहेत आणि कशा आहेत ते बघा.

कपाळावर केसांच्या कडेने बारीक दाणे, हात फिरवला की खरखरीत लागणारे, समोरून फारसे न दिसणारे : केसांचं तेल.

हनुवटी, जबडा आणि मानेच्या वरच्या भागात खोल, दुखणारे फोड, पाळीच्या आधीच्या आठवड्यात हमखास येणारे : हार्मोन.

हेल्मेटच्या पट्ट्याखाली, मास्कखाली, सॅकच्या पट्ट्याखाली खांद्यावर : घासणं.

सगळे एकाच मापाचे, बारीक, खाजणारे, कपाळावर, छातीवर, पाठीवर, पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात वाढणारे : या बहुधा पुटकुळ्या नव्हेतच, बुरशी आहे.

चेहरा ताणल्यासारखा, पाणी लागलं तरी चुरचुरणारा, आणि वर पुटकुळ्याही : अति धुणं, अति लावणं.

मलम लावलं की दोन दिवसांत चेहरा काचेसारखा स्वच्छ, बंद केलं की आठवड्याभरात दुप्पट, लाल, जळजळणारा : स्टेरॉइड. हे असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट 'पाचवी : नळीवरची बारीक अक्षरं' तिथे जा.

एक गोष्ट समजली की पुढचं सोपं जातं. पुटकुळी घाणीने होत नाही. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिचं तोंड मेलेल्या पेशींनी बुजतं, आत तेल साठतं, तिथे मुळातच राहणारे जिवाणू वाढतात आणि सूज येते. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा मळाचा नाही. उघड्या तोंडाशी हवा लागून तो काळा पडतो. आणि हे सगळं एका रात्रीत होत नाही. आज दिसलेली पुटकुळी कातडीखाली कित्येक आठवडे आधी सुरू झालेली असते. त्यामुळे काल खाल्लेल्या वडापावावर आळ घेणं चूक आहे, आणि परवा लावलेल्या क्रीमने "काहीच फरक नाही" म्हणणंही चूक.

पहिली तपासणी : चेहरा किती वेळा धुता?

खर्च शून्य, म्हणून आधी ही. मी विचारते, "दिवसातून किती वेळा?" उत्तर येतं, "पाच-सहा." लोकलमधून उतरल्यावर, ऑफिसात पोचल्यावर, जेवणानंतर, संध्याकाळी, झोपताना, आणि दर वेळी फेसवॉश. मुंबईच्या घामट हवेत हे साहजिक वाटतं. पण त्वचा किंचित आम्ल असते आणि तिच्यावर एक संरक्षक थर असतो. साबण तो काढून टाकतो. मग चेहरा चुरचुरतो, लाल होतो, आणि त्यावर लावलेलं कुठलंही औषध सहन होत नाही. लोक औषधाला दोष देऊन ते सोडतात. परत येण्याच्या चक्राची सुरुवात पुष्कळदा इथे असते.

दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश. मधल्या वेळी घाम आला तर नुसतं पाणी. दोन आठवडे एवढंच करून बघा.

"आमच्या बिल्डिंगचं पाणी खराब आहे" हेही ऐकते. भातसा, तानसा, वैतरणा या तलावांतून येणारं मुंबईचं नळाचं पाणी तसं मऊ असतं. टँकर किंवा बोअरचं जड असू शकतं. साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड आहे. अशा वेळी वडीचा साबण सोडून पातळ फेसवॉश वापरा, काम भागतं. शॉवरला फिल्टर बसवायला धावू नका.

दुसरी : तेल

इथे माझीच गोष्ट सांगते. २३ वर्षांची असताना माझं कपाळ आणि डावा गाल दाण्यांनी भरलेला होता. उजवा गाल स्वच्छ. फार्मसी शिकलेली, त्यामुळे शहाणपण भरपूर. तीन प्रकारची जेल लावून झाली. आमच्याकडे शनिवारी रात्री आई मेथी घालून कढवलेलं खोबरेल डोक्यावर थापायची आणि रविवारी दुपारी न्हाणं. एका रविवारी उशीचे अभ्रे धुवायला काढताना माझ्या अभ्र्यावर तेलाचा पिवळट गोल दिसला. बरोबर माझ्या गालाच्या मापाचा. मी डाव्या कुशीवर झोपते.

तेल कपाळावर ओघळतं, उशीवर उतरतं, तिथून गालावर येतं. त्वचारोगाच्या पुस्तकांत केसांच्या तेला-पोमेडने होणाऱ्या पुटकुळ्यांचा वेगळा प्रकारच नोंदलेला आहे. खोबरेल केसांना चांगलं, यात वाद नाही. पण चेहऱ्यावरच्या रंध्रांची तोंडं बुजवणाऱ्या तेलांत ते वरच्या रांगेत बसतं.

आईला "तेल लावू नकोस" म्हणायची माझी हिंमत झाली नाही, अजूनही होत नाही. मधला मार्ग असा : तेल न्हायच्या आधी तासभर, रात्रभर नाही. केस वर बांधायचे. कपाळावर आलेलं पुसून टाकायचं. आणि चेहरा सगळ्यात शेवटी धुवायचा, शांपू आणि कंडिशनर उतरल्यानंतर, कारण कंडिशनरही ओघळताना कपाळ आणि पाठ धरूनच जातं. माझं कपाळ साफ व्हायला दोन महिने लागले.

तिसरी : घासणं

विरार लोकलच्या लेडीज डब्यात बघा, दर दुसऱ्या बाईच्या हातात रुमाल, आणि ती चेहरा पुसत नाही, घासते. तोच रुमाल सकाळपासून रात्रीपर्यंत. घामाने जेवढं बिघडत नाही तेवढं घासण्याने बिघडतं. रुमाल टेकवायचा, दाबायचा, उचलायचा. दोन रुमाल ठेवायचे.

बाइकवाल्यांनी हेल्मेटच्या आतलं निघणारं अस्तर आठवड्याला धुवावं, पट्टा हनुवटीवर करकचून न रुतेल असा बसवावा. पण हेल्मेट सोडायचं नाही. हे वेगळं सांगावं लागतं, कारण एका मुलाने मला गंभीरपणे विचारलं होतं.

थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगनंतर दोन दिवसांनी ओठावर, कपाळावर येणारे फोड बहुधा केसांच्या मुळांची सूज असते. त्या दिवशी तरी स्क्रब, ब्लीच काही करू नका.

चौथी : स्वयंपाकघर

लिंबू : लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात, आणि ते पुटकुळीपेक्षा जास्त टिकतात. खायचा सोडा : अल्कधर्मी, त्वचेचा आम्लपणा मोडतो. टूथपेस्ट : पुटकुळी वाळते आणि भोवतीची कातडी सोलते. बेसन-हळद आणि मुलतानी माती निरुपद्रवी म्हणता येतील, पण सुकल्यावर रगडून काढली तर ते घासणंच झालं. दिवाळीला उटणं लावा, बिघडत नाही. रोज नको.

आणि फोडायचं नाही. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत जिथे सूज येते तिथे मागे काळा डाग उरतो, आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. माझ्याकडे "पिंपलचे डाग" घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे डाग नखाने केलेले असतात.

पाचवी : नळीवरची बारीक अक्षरं

हीसुद्धा फुकट तपासणी आहे, फक्त चष्मा लागतो.

एकदा संध्याकाळी गर्दीच्या वेळी एक मुलगी आली. १९-२० वर्षांची. तिने पर्समधून एक नळी काढली, शेपटीकडून टूथपेस्टसारखी घट्ट गुंडाळत आणलेली, अगदी मानेपर्यंत. "ताई, हीच द्या. दोन द्या." मी नळी उलगडून नाव वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं. गालांवर दोऱ्यासारख्या बारीक लाल शिरा, ओठांच्या वर दाट लव, आणि दिव्याखाली चकाकणारी पातळ कातडी.

"कधीपासून लावतेस?"

"दीड वर्ष. मावसबहिणीने लग्नाआधी लावली होती, गोरी झाली होती. मला पिंपलला पण गुण आला."

"बंद करून पाहिलीस का?"

"नाही लावली तर चेहरा पेटतो, ताई."

मी दिली नाही. ती दुसऱ्या दुकानातून घेऊन गेली, हे मला नंतर तिनेच सांगितलं. तीन आठवड्यांनी आईला घेऊन परत आली, तेव्हा मी त्यांना पालिका रुग्णालयाच्या त्वचा विभागात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी ते हळूहळू उतरवलं. चेहरा शांत व्हायला काही महिने गेले, आणि मधले काही आठवडे फार वाईट होते.

स्टेरॉइड सूज दाबतं. म्हणून लावल्या लावल्या जादू वाटते. मूळ कारण मात्र तसंच राहतं, कातडी पातळ होत जाते, आणि काही काळाने ते मलमच पुटकुळ्या आणायला लागतं. म्हणजे आजार तेच आणि औषधही तेच. त्वचारोगतज्ज्ञांनी याला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असं वेगळं नावच दिलंय. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ लावायची स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर. प्रत्यक्षात काय चालतं ते वर सांगितलंच.

तुमच्या नळीवर ही नावं शोधा : क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन. शेवटी 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' दिसलं की थांबून विचारा. 'झोल' वेगळं, किटोकोनाझोल, क्लोट्रिमाझोल ही बुरशीवरची औषधं आहेत. घोळ असा की गजकर्णासाठी विकल्या जाणाऱ्या कितीतरी मलमांत 'झोल' आणि 'सोल' दोन्ही एकत्र असतात, वर एखादं अँटिबायोटिकही. एक नाव ओळखीचं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, सगळी वाचा. नळीवर नावंच नसतील, डबी पार्लरमधून किंवा कुणा ओळखीच्या बाईकडून 'घरगुती' म्हणून आली असेल, तर त्यात काय आहे ते कुणीच सांगू शकत नाही. मी तरी ती हाताला लावणार नाही.

महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. पुढच्या तपासण्या करायच्या नाहीत. नळी घेऊन डॉक्टरांकडे जा.

सहावी : पोटात काय जातंय

तेलकट खाल्ल्याने चेहरा तेलकट होतो हा समज आहे. झटकन साखर वाढवणारं खाणं, म्हणजे मैदा, गोड पेयं, बिस्किटं, आणि काही जणांत दूध, यांचा पुटकुळ्यांशी संबंध आढळतो. सगळ्यांत नाही. कटिंग चहा सोडा असं मी कुणाला सांगत नाही, फक्त दिवसाला सहा कप असतील तर साखरेचा हिशेब करायला सांगते.

व्हे प्रोटीनचं मात्र मी नक्की विचारते. माझ्या भाच्याला ठाण्यात जिम लावल्यावर तीन महिन्यांत पाठ आणि खांदे भरून आले. चेहऱ्यावर जेमतेम दोन. पावडर बंद करून अंडी, डाळ, चण्यांवर आला, दोन-अडीच महिन्यांत पाठ निवळली. जिममधला कुणी 'इंजेक्शन' किंवा 'सायकल' (म्हणजे स्नायू वाढवायची स्टेरॉइडं) म्हणत असेल तर ती गोष्ट पावडरीपेक्षा फार पुढची आहे. ते थांबवून डॉक्टरच गाठायचा.

काही औषधांनीही पुटकुळ्यांसारखे फोड येतात : पोटात घ्यायची स्टेरॉइडं, बी-१२ची इंजेक्शनं, लिथियम, फिटसाठीची काही औषधं, टीबीच्या गोळ्यांमधलं आयसोनियाझिड. कृपा करून यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. टीबीच्या गोळ्या तर एक दिवसही नाही. देणाऱ्या डॉक्टरांना फोड दाखवा, ते ठरवतील.

सातवी : आता पैसे काढा

वरचं सगळं करून सहा आठवडे झाले आणि तरी येतायत, तर इथून खर्च सुरू.

ब्लॅकहेड, व्हाइटहेड जास्त असतील तर सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, १ ते २ टक्के. हे तेलात मिसळतं, त्यामुळे रंध्राच्या तोंडाशी साठलेलं मोकळं करायला उपयोगी पडतं.

लाल, पू झालेल्या असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड. लोक १० टक्के मागतात, "स्ट्राँग द्या." मी २.५ टक्केच सुचवते. गुण जवळपास सारखाच येतो, जळजळ खूप कमी. शिवाय जिवाणू याला सरावत नाहीत. नुसतं क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक लावत राहिलं तर सरावतात, म्हणूनच त्या दोघांची जोडी देतात. एक सूचना : हे कापडाचा रंग उडवतं. निळ्या टॉवेलवर पांढरे डाग पडले म्हणून लाँड्रीवाल्याशी भांडून आलेलं गिऱ्हाईक मी पाहिलंय. पांढरा टॉवेल, पांढरा अभ्रा वापरा.

लावायची पद्धत : फोडावर टिकली देऊ नका. जिथे जिथे नेहमी येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर, कारण उद्याची पुटकुळी आज दिसत नाहीये. पहिला आठवडा एक दिवसाआड. वर हलकं, जेलसारखं मॉइश्चरायझर, दमट हवेतही. सकाळी जेलचं सनस्क्रीन, नाहीतर डाग गडद होतात.

आणि एका वेळी एकच नवीन गोष्ट. चार एकदम सुरू केल्या आणि चेहरा बिघडला, तर कुणामुळे ते शोधायचं कसं?

आठवी : अ‍ॅडापलीन, आणि तिसऱ्या आठवड्यातली पळापळ

हे औषध मुळावर, म्हणजे रंध्र बुजण्यावरच काम करतं. परत परत येणाऱ्यांसाठी खरं कामाचं हेच. हे डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर नाही.

पहिल्या दोन-चार आठवड्यांत कातडी सुटते, थोड्या पुटकुळ्या जास्तही दिसतात. तिसऱ्या आठवड्यात लोक रागाने माझ्याकडे येतात : "हे सूट नाही झालं." खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी दिसतो. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. डोळ्यांच्या कडा, नाकाचे कोपरे, ओठ सोडून.

दुसरी चूक याच्या उलट. चेहरा साफ झाला की नळी कपाटात जाते. तीन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक, तेच वाक्य : "परत आले." साफ झाल्यानंतरही आठवड्यातून दोन-तीनदा किती काळ लावायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

इथे थांबा आणि डॉक्टरकडे जा

खालीलपैकी एक जरी असेल तर माझ्या काउंटरवर वेळ घालवू नका, कुणाच्याच नको.

खोल, दुखणाऱ्या गाठी. खड्डे पडायला लागलेत. खड्डे पडले की ते भरणं महाग आणि अर्धवटच होतं, त्यामुळे इथे तीन महिने वाट बघायची नाही. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, वजन वाढतंय : पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोनच्या बिघाडाची) तपासणी लागेल, क्रीमने होणार नाही. पस्तिशीनंतर अचानक सुरू झालेत. खाजणारे, एकाच मापाचे दाणे अँटिबायोटिकने वाढले. फोडांबरोबर ताप, सांधेदुखी. डोळ्याभोवती किंवा नाकाजवळ सूज, लाली पसरतेय : त्याच दिवशी जा. औषध नीट लावून १२ आठवडे झाले, फरक नाही. आणि शेवटचं, चेहऱ्यामुळे मूल कॉलेजला जायला, घराबाहेर पडायला तयार नाही. पुटकुळ्या चारच असल्या तरी.

हट्टी पुटकुळ्यांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल जे मित्राच्या चिठ्ठीवर मागायला येतात, त्यांना मी सरळ परत पाठवते. औषध उत्तम आहे. पण त्याआधी आणि मध्ये रक्ततपासण्या लागतात, आणि ते चालू असताना किंवा बंद केल्यापासून महिन्याभरात गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.

डॉक्टर म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ. पाटीवर एमडी किंवा डीएनबी त्वचारोग, डीव्हीडी किंवा डीडीव्ही असं काही असावं. 'स्किन अँड लेझर'ची चमकदार पाटी ही पदवी नाही. खासगी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर, कूपर, जे. जे. या सगळ्या ठिकाणी त्वचा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, रांग असते, डबा न्या.

जाताना चेहऱ्यावर काही फासून जाऊ नका. घरातल्या सगळ्या नळ्या, डब्या, संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. बूच हरवलेलं असलं तरी चालेल, नाव वाचता आलं पाहिजे.